माम्पाँगच्या गाडीतले बेपत्ता भक्त

माझी नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि चाल मांजराची आहे. एवढ्या सगळ्या जनावरांना खायला मात्र ताईच घालते, असं माझा मेहुणा आतो म्हणतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो माझा साहाय्यक आहे, म्हणजे त्याला दुसरं काम मिळालेलं नाही. मी एबो क्वान्साह, कुमासी शहरातला एकमेव खाजगी गुप्तहेर. दुसरा एक होता, पण त्याने शहाणपणाने कोंबड्या पाळायला घेतल्या.

त्या सोमवारी ओसोफो बोआदी माझ्या दारात उभे राहिले तेव्हा मी एका नजरेत ओळखलं, की हा माणूस दर्यावर्दी आहे. ते निघाले पाद्री. चूक मामुली होती, दोघांनाही तुफानाची सवय असतेच.

ओसोफो दूरच्या खेड्यातून दोन महिन्यांपूर्वी आलेले. देऊळ नाही, खुर्च्या नाहीत, म्हणून ते बसच्या अड्ड्यावर माम्पाँगच्या गाडीत चढून प्रवचन देत. आमच्याकडे हे नवं नाही. प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर देवाचं नाव असतं. ब्रेक प्रत्येक गाडीला असतीलच असं नाही. गाडी भरेपर्यंत ओसोफो बोलायचे. मग विचारायचे, आज कुणाचं मन पालटलं, हात वर करा. रोज चार-पाच हात वर व्हायचे. ओसोफो डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायचे, आणि डोळे उघडून बघतात तर गाडी गच्च भरलेली, पण हात वर करणारी माणसं गायब.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. नवी तोंडं बसलेली असतात, माझी माणसं नसतात," ते म्हणाले.

आणि आता गळ्याशी आलं होतं. त्याच गाडीने शाळेत जाणाऱ्या दुफिए बाईंनी अड्ड्याचे प्रमुख ग्यासी यांच्याकडे तक्रार केली होती. तिकीट मी माम्पाँगचं काढते, स्वर्गाचं नाही, असं बाईंचं म्हणणं. ज्याला देव हवा त्याने देवळात जावं. गाडीतल्या माणसाला उठून जायची सोय नसते. काचेवरच्या मजकुरांबद्दल त्यांची तक्रार नव्हती, कारण ते निदान ओरडत नाहीत. ग्यासींनी निकाल दिला होता: ओसोफोंनी शुक्रवारपर्यंत प्रवचनाचा उपयोग झालेला एक तरी माणूस समोर उभा करावा, नाहीतर अड्डा सोडावा. ओसोफोंना दुसरी जागा नव्हती. गावाला परत जाऊन काय सांगू, असं ते माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाले, तेव्हा मलासुद्धा वाईट वाटलं.

माझा पहिला निष्कर्ष: जगाचा अंत सुरू झाला आहे आणि पुण्यवान माणसं थेट वर उचलली जात आहेत. तसं असेल तर चपला खाली राहायला हव्यात. मी सीटखाली शिरलो आणि चप्पल सापडली! ती ड्रायव्हरची निघाली, आणि ड्रायव्हरला कुणी वर नेईल असं त्याच्या बायकोलाही वाटत नव्हतं.

दुसरा निष्कर्ष: दुफिए बाई भक्तांना पळवतात. त्यांच्या हातात रोज एक जड पिशवी असे. मी शाळेपर्यंत पाठलाग केला. पिशवीत वह्या होत्या. बाईंनी मला खिडकीत पकडून सातचा पाढा म्हणायला लावला. सात सक त्रेचाळीसवर त्यांनी मला सोडून दिलं, पण त्यांच्या डोळ्यांत संशय होता.

मग मी वेषांतर केलं. शनिवारी अर्धं कुमासी काळं कापड गुंडाळून मयताच्या जेवणाला निघालेलं असतं, त्या गर्दीत माणूस सहज हरवतो. मीही काळं कापड गुंडाळून गाडीत जाऊन बसलो. आतो म्हणाला, "दाजी, आज मंगळवार आहे."

गाडी जवळजवळ रिकामी होती. शेजारच्या सीटवर बसलेल्या सेरवा मावशींनी हळहळून विचारलं, कोण गेलं. मी म्हणालो, काका. कसे गेले? मी म्हणालो, बसने. मावशी माझा हात धरून बसल्या. तेवढ्यात प्रवासी चढू लागले, आणि गाडीसाठी गिऱ्हाइकं ओरडून बोलावणारा पुकाऱ्या खिडकीशी आला. त्याने माझ्या मुठीत एक नाणं आणि पाण्याची पिशवी कोंबली आणि पुटपुटला, "झालं तुझं काम, उतर आता, मागच्या गाडीत बस."

लाच! उघड उघड लाच! गुप्तहेराला जागेवरून हटवायचा कट! मी बाणेदारपणे उतरलो आणि पाणी पिऊन टाकलं.

आतोने कपाळाला हात लावला. "दाजी, तुम्ही आयुष्यात कधी वेळेवर अड्ड्यावर गेला आहात का?"

गेलो नाही. मी पोचतो तेव्हा गाडी भरलेलीच असते. पण त्याचा इथे काय संबंध, ते मला कळेना. तो काहीतरी समजावू लागला होता, मी त्याला गप्प केलं.

शुक्रवारी सगळे माम्पाँगच्या रिकाम्या गाडीजवळ जमले. मी घसा साफ केला. लाच देणारा पुकाऱ्या, त्याच्यामागे दुफिए बाई, आणि बाईंच्या मागे एखादी परदेशी शक्ती, अशी साखळी मी जुळवत आणली होती, तेवढ्यात मला कोपराने ढकलत सेरवा मावशी गाडीत चढू लागल्या.

"सरक रे बाबा. काकांचे दिवस झाले का? गाडी रिकामी आहे, मला बसू दे."

ओसोफो किंचाळलेच. "ह्याच! हात वर करणाऱ्या!"

"करते की," मावशी म्हणाल्या. "रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही. म्हणून पुकारे पैसे देऊन आम्हाला बसवतात. खरी माणसं आली की आम्ही उतरतो, दुसऱ्या गाडीत बसतो. हे अख्ख्या कुमासीला ठाऊक आहे."

आतो माझ्याकडे बघत होता. मी आभाळाकडे बघितलं.

"आणि हात?" ओसोफोंनी अगदी हळू विचारलं. त्यांच्या गावाला आठवड्यातून एकच ट्रक येतो आणि तो टपापर्यंत भरलेला असतो. त्यांना बिचाऱ्यांना हे कुठून कळणार?

"हात वर झाल्याशिवाय तू थांबत नाहीस, लेकरा."

सगळे हसले. दुफिए बाईही हसल्या. ओसोफो हसले नाहीत. त्यांनी आपलं बायबल काखेत मारलं आणि ते अड्ड्याच्या फाटकाकडे वळले. मला फार लाज वाटली, का ते माहीत नाही.

"निघालास कुठे?" मावशी म्हणाल्या. "काल गोष्ट अर्धी सोडलीस. विधवेची होडी तळ्याच्या मध्यावर गळायला लागली आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी दिवा घेऊन उभं राहिलं. मी रात्रभर तोच विचार करत होते. म्हातारा गेल्यापासून मी दिवसभर कुठेही न जाणाऱ्या गाड्यांत बसते. कुणी माझ्याशी बोलत नाही, सगळे जाणारे असतात. एक तूच बोलतोस. स्वर्गाचं मला कळत नाही, पण तू उद्या नसलास तर मला चालायचं नाही."

ग्यासींनी नाक पुसलं आणि तिथेच निकाल दिला. इंजिन सुरू होईपर्यंत ओसोफोंनी हवं ते बोलावं. इंजिन सुरू झालं की गाडी बाईंची, शब्द काढायचा नाही. बाई म्हणाल्या, हे न्यायाचं आहे, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

ओसोफोंनी गोष्ट परत पहिल्यापासून धरली. होडीत पाणी चढत होतं. गाडीत माणसं चढत होती. विधवा घोट्यापर्यंत भिजली, गुडघ्यापर्यंत भिजली, दिवा हलला, आणि ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. ओसोफो शब्दाचे पक्के. वाक्य तिथेच तोडून ते खाली उतरले, मावशी आणि त्यांची मंडळी मागोमाग उतरली, आणि रस्त्याकडेच्या छत्रीखाली गोष्ट पुढे चालू झाली. गाडी शांतपणे फाटकाकडे निघाली, बाईंना हवी होती तश्शी.

फाटकाशी दुफिए बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो ओसोफो! दिवा घेऊन कोण उभं होतं?"

ओसोफोंनी काहीतरी ओरडून सांगितलं, पण गाडी वळली होती.

दुसऱ्या दिवशी दुफिए बाई पुष्कळ आधी आल्या आणि रिकाम्या गाडीत पहिल्या बाकावर, मावशींच्या शेजारी जाऊन बसल्या. माझ्या नजरेतून हे सुटलं नाही. मी आतोला बाजूला घेऊन सांगितलं, की प्रकरण वाटलं होतं त्याहून गंभीर आहे: शनिवारी शाळा बंद असते, म्हणजे बाईंनाही आता कुणीतरी पैसे देऊन बसवतंय.