तामेर आणेल

लुत्फीचा लॅपटॉप सोमवारी सकाळी दहा वाजता एका घटस्फोटाच्या ऐन मध्यावर बंद पडला.

इजिप्तमधल्या मन्सूऱ्याच्या कोर्टासमोर लुत्फीचा गाळा होता, लोकांचे अर्ज टाइप करून देण्याचा. गाळा म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, प्रिंटर आणि वर ताडपत्री. वकील उभ्याने सांगायचे, लुत्फी बसून टाइप करायचा. लॅपटॉप अकरा वर्षांचा. बॅटरी केव्हाच गेलेली, बिजागरी तुटलेली, म्हणून पडद्याला मागून चहाच्या डब्याचा टेकू. शिवाय पडद्यावरचं डावीकडून पाहिलं तरच दिसायचं. कोर्टासमोर एखादा वकील मान वाकडी करून उभा दिसला की लोक समजायचे, लुत्फीकडे काम चाललंय.

"काय झालं रे?" बहगत वकिलांनी मान सरळ करत विचारलं.

"गेला, साहेब."

"अरे, अकराला मला न्यायाधीशांपुढे उभं राहायचंय! नवराबायको दोघं आत एकाच बाकावर बसलेत. तेवढ्यात त्यांचा समेट झाला तर माझी फी कोण देणार, तू?"

लुत्फीने वायर हलवली, डबा सरकवला, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. लॅपटॉपने एक उसासा सोडला आणि पुन्हा डोळे मिटले. बहगत वकील अर्ज हाताने लिहायला शेजारच्या गाळ्यात गेले. नवराबायकोचं पुढे काय झालं हे लुत्फीला कळलं नाही, पण बहगत वकील त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. यावरून काय ते समजावं.

दुरुस्तीवाल्या गिर्गिसने लॅपटॉप उघडला, आत पाहिलं आणि लगेच झाकला.

"लुत्फीभाऊ, याला आता औषध नको, दुवा हवी. कसाबसा चालू करून देतो, पण कधी मान टाकेल सांगता येत नाही. माझ्याकडे एक नवा आलाय. तुझ्यासाठी बाजूला ठेवतो. पण आजच घे. डॉलर चढतोय. पुढच्या आठवड्यात याच भावात नुसतं खोकं मिळेल."

लुत्फीने ठरवलं, घ्यायचा. घरी जेवताना त्याने तसं जाहीर केलं. त्याची आई, तहियाबाई, लसूण सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"मुळीच घेऊ नकोस. तामेर आणेल."

तामेर म्हणजे लुत्फीचा धाकटा भाऊ. एका वर्षासाठी म्हणून कुवेतला गेला, त्याला आता साडेपाच वर्षं झाली होती. तिथे कुठल्याशा गोदामात तो एअर कंडिशनरच्या पेट्या मोजायचा. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात असतो आणि त्याच्या नावावर एक यादी असते. तो आणणार म्हणून लोक फाटक्या बुटांत हिवाळे काढतात. तहियाबाईंच्या यादीत मिक्सर होता, ब्लँकेट होतं, रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, सुनेसाठी अत्तर होतं. साडेपाच वर्षांत यादी वाढली, तामेर काही आला नाही.

"अगं आई, गिर्गिसकडे आहे ना तयार!"

"इथलं सगळं उघडून पाहिलेलं असतं. तिकडचं कसं सीलबंद येतं. आणि रमजान ईदला तामेर येतोच आहे."

"तो म्हणाला तसं?"

"इन्शाल्ला म्हणाला."

लुत्फीची बायको राशा हे ऐकून भाताच्या पातेल्यात पाहू लागली. इन्शाल्ला म्हणजे आमच्याकडे होही असतं आणि नाहीही असतं, आणि कुठलं ते विचारणं शिष्टाचारात बसत नाही.

घ्यावा की थांबावं? लुत्फीने चार लोकांना विचारलं. न्हावी म्हणाला, डॉलर उतरणार, थांब. कोर्टाचा शिपाई म्हणाला, चढणार, घे. कोर्टाच्या मशिदीतल्या इमामांनी इस्तिखारा करायला सांगितलं, म्हणजे दोन रकात नमाज पढून अल्लाकडे कौल मागायचा आणि मन कुठे ओढ घेतं ते पाहायचं. लुत्फीने कौल मागितला आणि गाढ झोपला. मनाने ओढ घेतली नाही, स्वप्नही पडलं नाही.

"मला पडलं," तहियाबाई सकाळी म्हणाल्या. "तुझ्या वतीने मीही इस्तिखारा केला. पांढरं दार उघडलं, तामेर आत आला, खांद्याला काळी बॅग."

"बॅगेत लॅपटॉप होता?"

"असेल की. बॅग बंद होती."

राशा म्हणाली, "आई, भाऊजींनी अत्तर आणलं होतं का?"

"स्वप्नात वास येत नाही," तहियाबाईंनी तिला गप्प केलं.

ईद आली. तहियाबाईंनी तामेरच्या आवडीची पिठीसाखरेची बिस्किटं तीन परड्या भरून भाजली. आदल्या दिवशी फोन आला की रजा मिळाली नाही. "बकरी ईदला नक्की, आई, इन्शाल्ला." तहियाबाईंनी दोन परड्या वाटून टाकल्या. तिसरी डब्यात भरून कपाटात ठेवली.

इकडे लॅपटॉप दिवसातून चार वेळा मान टाकू लागला. वेळ वाचावा म्हणून लुत्फी जुन्याच अर्जावर नवी नावं घालू लागला. एकदा मध्येच पडदा काळा झाला आणि कुठलं बदललं, कुठलं राहिलं याचा मेळ सुटला. परिणामी, पाटाच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या एका शेतकऱ्याने आपल्या शेजाऱ्याकडे दरमहा पोटगी आणि तीन मुलांचा ताबा मागितला. न्यायाधीशांनी तो अर्ज भर कोर्टात मोठ्याने वाचला. शेजारी उभा राहून म्हणाला, "पाणी देतो, हुजूर, पण मुलं माझीच आहेत!" कोर्ट हसलं. लुत्फीच्या गाळ्यासमोरची गर्दी मात्र पांगली. वाकड्या मानेचे वकील एकेक करून सरळ मानेने शेजारी जाऊ लागले.

आता थांबणं परवडणार नव्हतं. लुत्फी पैसे घेऊन निघाला, तशी तहियाबाईंना चक्कर आली. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब एकदम ठीक. दोन दिवसांनी तो पुन्हा निघाला, पुन्हा चक्कर. चक्करही मोठी समजूतदार होती. लुत्फी भाजीबाजाराकडे वळला तर यायची नाही, गिर्गिसच्या दुकानाकडे वळला की हटकून यायची.

मग एके दिवशी वीज गेली म्हणून लुत्फी दुपारीच घरी आला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. ती फोनवर होती.

"नाही रे बाळा, लॅपटॉप इथे मिळतच नाहीत. दुकानं रिकामी आहेत सगळी. लुत्फी रडकुंडीला आलाय. तूच आण. कुणाच्या हाती देऊ नकोस, नाजूक वस्तू असते ती, तुझ्या स्वतःच्या हातांनीच आण... हो, आहे मी बरी. तू काय जेवलास?"

फोन संपला. तहियाबाई उठल्या नाहीत. ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसत राहिल्या. गेले तीन महिने लुत्फी स्वतःला या गोष्टीतला मुख्य माणूस समजत होता. तो पाऊल न वाजवता बाहेर गेला, दार आपटून, खाकरून पुन्हा आत आला.

"तुम्हाला आत्ता कळलं?" रात्री त्याने हे सांगितलं तेव्हा राशा म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"माझी आई शेजारच्या गल्लीत राहते. रोज भेटते मी तिला. मी कुठल्या तोंडाने बोलू?"

दुसऱ्याच दिवशी गिर्गिस धावत गाळ्यावर आला. "लुत्फीभाऊ, डॉलर उतरला! असा भाव पुन्हा नाही. चल, ऊठ!"

"नको."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का? धंदा बसलाय तुझा!"

"तामेर आणेल," लुत्फी म्हणाला.

घरी येऊन त्याने स्वतः तामेरला फोन लावला. आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप केलेला माणूस तो. गाऱ्हाणं कसं मांडायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. गाळा बंद पडायला आलाय, राशा माहेरी जायचं म्हणतेय, लोक मला पोटगीवाला म्हणून हाक मारतात, असं सगळं त्याने रडवेल्या आवाजात सांगितलं. यातलं शेवटचं खरं होतं. तामेर कळवळला. "भाऊ, इतकं झालं आणि तू आत्ता सांगतोस? बघतो मी. लगेच बघतो."

आठवड्याभरात निरोप आला. लॅपटॉप घेतला. गुरुवारी दुपारी तुझ्या हातात असेल.

"आला माझा तामेर!" तहियाबाई टाळी वाजवून उठल्या. स्वतः येतोयस ना, असं तामेरला नेमकं विचारावं हे माय-लेकांच्या दोघांच्याही मनात येऊन गेलं. दोघांनीही विचारलं नाही.

गुरुवारी पहाटेपासून घरात वास सुटले. बदक भाजलं, भात भरलेली कोबीची पानं रचली, मुलूखियाची पालेभाजी झाली. तामेरच्या पलंगावर नवी चादर आली. तहियाबाईंनी ठेवणीतला झगा घातला, डोळ्यांत सुरमा घातला. तीन वाजता बेल वाजली. गुडघे दुखत असूनही त्या धावल्या.

दारात एक टक्कल पडलेला, घामेजलेला अनोळखी माणूस उभा होता. हातात खोकं.

"लुत्फीसाहेबांचं घर ना? मी ईसाम, नदीपलीकडच्या तल्खा गावचा. तामेरने अमानत दिलीय. त्याला रजा मिळेना, आणि म्हणाला, भावाचं काम अडलंय, थांबण्यात अर्थ नाही."

लुत्फीने गाऱ्हाणं इतकं चांगलं मांडलं होतं की तामेरला रजेची वाट पाहवली नाही.

तहियाबाई ईसामच्या मागे जिन्यात पाहत होत्या. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं. "ये बाळा, आत ये. जेवल्याशिवाय जायचं नाही."

ईसामने तीन वेळा नको म्हटलं, कारण तसं म्हणावंच लागतं, आणि चौथ्यांदा बसला. तामेरचं बदक त्याच्या ताटात गेलं.

"बारीक झालाय का तो?" तहियाबाईंनी विचारलं.

"काकू, खरं सांगू? विमानतळावर पाच मिनिटं भेटलो, तेही पहिल्यांदाच. तसा जाड वाटला."

"जाड! अल्ला, तुझे उपकार!" त्यांनी बदकाचा दुसरा पायही त्याला वाढला. "केस? केस आहेत ना डोक्यावर?"

ईसामने आपल्या टकलावरून हात फिरवला. "आहेत, काकू. भरपूर आहेत."

"हसत होता?"

ईसामचा घास हातातच राहिला. "खोकं देताना दोनदा परत आला. म्हणाला, आईला सांग... मग म्हणाला, राहू दे, मीच फोन करेन."

तहियाबाईंनी उरलेलं बदक बांधून त्याच्याबरोबर दिलं. तो गेल्यावर त्यांनी नवी चादर काढून घडी केली. "चला, तुझं काम झालं," त्या लुत्फीला म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. चक्कर येतेय असं त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. राशाने भांडी घासताना नळ मुद्दाम मोठा सोडला होता.

शुक्रवारच्या नमाजानंतर लुत्फीने खोकं उघडलं. लॅपटॉप बटण दाबताच उजळला. पडदा समोरून, उजवीकडून, कुठूनही लख्ख दिसत होता. इतकं हलकं, इतकं चपळ यंत्र त्याने जन्मात हाताळलं नव्हतं. दोन ओळी टाइप केल्या, तर अक्षरं त्याच्या बोटांच्या पुढे धावली. तेवढ्यात फोन वाजला. तामेर.

"कसा आहे, भाऊ? आवडला ना?"

लुत्फीने उजळलेल्या पडद्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. तहियाबाई येऊन चौकटीला टेकून उभ्या होत्या. कालचा सुरमा गालांवर पसरला होता.

"तामेर," लुत्फी म्हणाला, "चालू होत नाहीये रे."

"काय? दुकानात मी स्वतः चालू करून पाहिला!"

"तिथे झाला असेल. इथे ढिम्म आहे. गिर्गिस म्हणाला, आतूनच गेलाय, हात लावायचा नाही. ज्याने घेतला त्यानेच दुकानात परत न्यायचा. तुला यावं लागेल."

"अरे, मग कुणाबरोबर तरी पाठव की!"

लुत्फी अडला. पंचवीस वर्षं खरी-खोटी गाऱ्हाणी टाइप करणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य सुचेना. तहियाबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी चालू लॅपटॉप पाहिला, लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी झाकण हळूच मिटलं. मग फोनजवळ वाकून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अरे, धूर येतोय त्यातून! असलं जळकं कुणी विमानात नेईल का? तूच ये!"

"बरं," तामेर म्हणाला. "मागतो रजा."

या वेळी तो इन्शाल्ला म्हणायला विसरला. तहियाबाईंनी लुत्फीचा हात घट्ट धरला, आणि दुसऱ्या हाताने खोकं पुन्हा सीलबंद करायला चिकटपट्टी शोधू लागल्या.