अकरा वाजताचं सांग

बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यातली पास झालेली पोरं गजभिये काकांचं घर टाळून मागच्या बोळातून जायची. नापास झालेली मात्र समोरूनच जायची, कारण त्यांना काका काही विचारत नसत. उलट चहा पाजत.

पास झालेल्यांना एकच प्रश्न असे. "डिग्रीचं नाव नोको सांगू मले. अकरा वाजताचं सांग. नोकरी लागल्यावर सकाळी अकरा वाजता तू काय करून राह्यशील?"

शेजारचा नितीन एकदा सापडला. म्हणाला, "मॅनेजमेंट करणार आहे काका."

"कोनाचं?"

"कंपनीचं."

"बरं. अकरा वाजता?"

"मीटिंग असेल."

"मीटिंगमंदी काय करशील?"

"प्रेझेंटेशन देईन."

"अन् त्याच्यात काय राह्यते?"

नितीन पाणी पिऊन येतो म्हणून घरात गेला, तो दिवाळीपर्यंत काकांना दिसला नाही.

गजभिये काका मलाजखंडला तांब्याच्या खाणीत हजेरीच्या ऑफिसात होते. पाळी सुरू होताना माणसं आत येत, सुटताना बाहेर जात, आणि काका खिडकीतून त्यांचे चेहरे पाहत. जन्मभर हेच केलं. निवृत्त होऊन काकूंसोबत बालाघाटला आमच्या मोहल्ल्यात राहायला आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक पक्कं मत तयार होतं: माणूस कामावर येताना कसा दिसतो त्यावरून त्याचं घर कसं चाललं असेल ते कळतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हे मत वापरायला त्यांनी आम्हा सगळ्यांना घेतलं.

मी बारावी झाले तेव्हा आमच्या घरात निर्णय आधीच झाला होता. बाबा किरनापूरला प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांच्या मुख्याध्यापकांचा पोरगा कॉम्प्युटर इंजिनियर होऊन बंगळूरला गेला होता, आणि बाबांना रोज बसमध्ये त्याचं कौतुक ऐकावं लागे. "नोकरीची गॅरंटी आहे," एवढंच ते म्हणत. मला गणित जमायचं. आवडायचं असं नाही. पण नाही म्हणायला दुसरं काहीतरी हवं असतं, ते माझ्याजवळ नव्हतं.

काका एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. "प्रज्ञा, चाल. नोकरी पाहाले जाऊ."

"पाहायला?"

"हौ. पोरगी पाहाले जाते, पोरगा पाहाले जाते, अन् जिच्यासंग जिंदगी काढाची ते नोकरी न पाहताच पसंत करते. काहून?"

आईने मान डोलावली. बाबा शाळेत होते, त्यामुळे विरोध करायला कोणी नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही बँकेत गेलो. काका थेट एका साहेबांच्या समोर बसले, मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "साब, बच्ची को नौकरी दिखाने लाया हूं. सोमवार को पेट में दुखता है क्या?" मला वाटलं आता शिपाई येऊन आम्हाला बाहेर काढेल. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चाचाजी, इतवार की शाम से ही दुखता है." मग त्यांनी चहा मागवला आणि त्यांना गुलाबाची कलमं करायला किती आवडतं ते सांगत बसले. मागे रांग वाढत गेली. शेवटी काकांनीच त्यांना कामाला लावलं.

मग सॉफ्टवेअर. पलीकडच्या गल्लीतला राहुल घरूनच काम करायचा. त्याच्या खुर्चीमागे आम्ही दोन स्टुलं टाकून बसलो. काका थोड्या थोड्या वेळाने विचारत, "आता काय केलं?" राहुल सांगत राहिला. तेवढ्यात त्याची मीटिंग लागली. पडद्यावरच्या लोकांनी मागे बसलेला इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि एकेकजण सरळ होऊन बसला. कोणीतरी हळूच विचारलं, "राहुल, हेड ऑफिस से आए हैं क्या?" राहुल म्हणाला, "नहीं सर, मोहल्ले से." राहुल स्वतः कामात रंगला होता, ते मलाही दिसत होतं. मी मात्र मोबाईल काढून पाहिला. काकांनी ते टिपलं.

परत येताना म्हणाले, "काम चांगलं आहे. त्याचं. तुयं नाई."

अशा आम्ही बऱ्याच नोकऱ्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी काका दोन गोष्टी विचारत: पगार वेळेवर होतो का, आणि घरी गेल्यावर झोप लागते का. मी वैतागले होते. बाबा तर फारच. इंजिनियरिंगच्या प्रवेशाची मुदत जवळ येत होती.

तेव्हाच गावात कृत्रिम पाय बसवण्याचं शिबिर लागलं. काका मला तिथे घेऊन गेले, तेही खरं तर डॉक्टर दाखवायला. डॉक्टर आलेच नव्हते. एका टेबलाशी नागपूरहून आलेल्या एक मॅडम बिरसा गावाकडच्या एका आजोबांच्या गुडघ्याखालच्या भागाचं माप घेत होत्या. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून त्या साचा करत होत्या. मदतनीस कमी होते, म्हणून मला म्हणाल्या, "जरा धर गं इथे."

मी धरलं. मग पट्टी भिजवून दिली. मग साच्यावरून अंगठा कसा फिरवायचा, हाड कुठे दुखतं, तिथे जागा कशी सोडायची, ते विचारत राहिले. आजोबा माझ्याशी गोंडी मिसळलेल्या हिंदीत बोलत होते. मी मान वर केली तेव्हा मंडपातले लोक जेवून हात धूत होते आणि काका समोर खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होते.

"भूक नाई लागली?"

"किती वाजले?"

काका हसले. उठून मॅडमकडे गेले. "ह्याची डिग्री राह्यते का, का असंच हातानं शिकाचं?"

"पूर्ण पदवी असते काका. विज्ञान घेऊन बारावी लागते."

"अन् नोकरी?"

"शिकलेली माणसं कमी आहेत. दवाखाने आमच्यामागे असतात."

"पगार वेळेवर?"

"हो."

"झोप?"

मॅडम गोंधळल्या. मग म्हणाल्या, "लागते. छान लागते."

घरी मात्र बाबा भडकले. "पाय बनवणार? मी लोकांना काय सांगू?"

काका आमच्या ओट्यावर बसले. "गुरुजी, तुमी अकरा वाजता काय करता?"

"शिकवतो. तिसरीला."

"आवडते?"

बाबांना हे आजवर कोणी विचारलं नसावं. मग म्हणाले, "हौ. पोरं वाचायला लागतात ना पहिल्यांदा... आवडते."

"मंग पोरीले काहून नाई भेटू द्याचं ते?"

बाबा विरघळले, पण पूर्ण नाही. नोकरीची खात्री हवीच, म्हणाले. काकांना ते मान्यच होतं. त्यांनी नागपूर, रायपूर, जबलपूरच्या दवाखान्यांना फोन लावले. बोलणं असं, जणू माझं स्थळ आणलंय. "पोरगी हुशार आहे, हाताची चांगली आहे. तुमच्याकडे जागा निघते का अशी? माणसं कशी आहेत तुमची?" एका दवाखान्याने कंटाळून पत्ताच दिला आणि म्हटलं, पास झाली की पाठवा.

बाबांनी होकार दिला, मी तेच शिकले आणि पास झाले. आज नागपुरात ज्या कामावर जाते, तिथे एखादा माणूस नवा पाय टेकून पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याचे घरचे माझे आभार मानतात. मी मनातल्या मनात ते बालाघाटला पाठवते.

मी शिकत असतानाच काकू गेल्या. नोकरीवर रुजू व्हायला निघाले, त्या दिवशी काका बसस्टँडवर आले. गोंदियाची बस होती, तिथून पुढे नागपूरची गाडी. बॅग वर ठेवायला ते आत चढले आणि माझ्या शेजारी बसले. कंडक्टरने शिटी वाजवली.

"काका, गाडी सुटून राह्यली."

"सुटू दे. मले राजेगावले काम आहे."

राजेगाव वाटेतच होतं. बालाघाट मागे पडल्यावर काका म्हणाले, "नितीन पुन्याले गेला. राहुल बी आता हैदराबादले चालला. कोपऱ्यावरची गुड्डी रायपूरले. ज्याले ज्याले बरोबर सल्ला देल्ला, तो गेला. नळाले पानी आलं तं भांडाले बी कोनी नाई मोहल्ल्यात."

"मग मला इथंच राहा म्हणायचं होतं ना काका."

"आलतं तोंडावर. दोनदा आलतं." त्यांनी खिडकीची काच उगाच सरकवून पाहिली. "पन इथं तुया कामाचा दवाखाना नाई न पोरी. काय करतं राहून? माह्या घरी चहा पेतं?"

राजेगावला ते उतरले. हातात पिशवी नव्हती, काही नव्हतं. रस्ता ओलांडून पानठेल्याच्या सावलीत गेले आणि बालाघाटकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभे राहिले. मी खिडकीतून ओरडून विचारलं, "काका, काम काय होतं?"

त्यांनी हात वर केला.

"झालं न ते," म्हणाले.