सुरक्षित नखमुक्तीचा कार्यक्रम

उदगीरच्या अंबिकाला नखं काढायची होती. स्वतःची नव्हे, चुलत भावाच्या लग्नात हौसेनं चिकटवून घेतलेली, प्लास्टिकची, दहाच्या दहा. दुपारी बाराला तिची नर्सिंगची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि लांब नखांच्या मुलीला तिथं दारातूनच परत पाठवतात. काम अर्ध्या तासाचं. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखांवर बांधायचा, गप बसायचं, ओढायचं नाही. एवढं सगळं ठाऊक असून पोरीनं माती खाल्ली. अ‍ॅसिटोन कुणाकडं आहे का, असं तिनं कॉलनीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर विचारलं.

मंडळाच्या अध्यक्षा मंजुषाताई बाटली घेऊन आल्या, आणि बॅनरही. 'कृत्रिम नखे घरच्या घरी सुरक्षितपणे काढणे : प्रात्यक्षिक व मार्गदर्शन'. बॅनरवर नऊ जणांचे फोटो होते. अंबिकाचा नव्हता.

"ताई, मला बाराला परीक्षा हाय. द्या की बाटली!"

"असं कसं? पाहुणे येऊन राहिलेत. उद्घाटनाआधी बाटली उघडायची न्हाई."

प्रमुख पाहुणे अमृतराव, कुठल्याशा समितीचे माजी उपसभापती, सव्वाअकराला उगवले. नखांविषयी त्यांचा अभ्यास स्वतःच्या वीस नखांपुरता. सात जणांना शाल-श्रीफळ झालं. मग टेबलावर, बाटलीशेजारी, समई पेटली.

"काका, समई लांब करा! अ‍ॅसिटोन भडकतंय!" अंबिका ओरडली.

कार्यक्रम सुरक्षिततेचा होता, त्यामुळे मुद्दा गांभीर्यानं घेतला गेला. पण पेटलेली समई हलवणं अशुभ. म्हणून सर्वानुमते अ‍ॅसिटोन हलवण्यात आलं आणि खबरदारी म्हणून मोरीत ओतण्यात आलं. दक्षतेबद्दल अंबिकाचं अभिनंदनही झालं.

"आता नखं कशानं काढू?" तिनं रिकामी बाटली उलटी करून विचारलं. तीन वर्षं घासून अभ्यास केला होता बिचारीनं.

"कशाला घाबरून राहिलीस? पाहुणे हायेत की!" मंजुषाताई म्हणाल्या.

तीस वर्षं फिती कापलेल्या अमृतरावांनी तिचा अंगठा धरला आणि दिला हिसका. प्लास्टिकच्या नखाबरोबर खरंही अर्धं निघालं.

"आई गं!"

टाळ्या पडल्या.

"साहेब, तुमचे डोळे मिटले," फोटोवाला म्हणाला. "अजून एकदा."

म्हणून दुसरंही निघालं.

परीक्षकांनी पाहिलं: आठ बोटांना नखं, दोन बोटांना रक्त. "अशा हातानं पेशंटला शिवता येत नाही. सहा महिन्यांनी या." ते बरोबरच बोलत होते, म्हणून तर अंबिकाला भांडताही येईना.

संध्याकाळी फोटो सगळीकडं फिरला. अंबिकाचं तोंड वासलेलं, डोळ्यांत पाणी. खाली लिहिलं होतं, 'लाभार्थीचे आनंदाश्रू'. दोनशे अकरा जणांनी अभिनंदन केलं. हाताला काय झालं, असं विचारणारा एखादा तरी निघेल म्हणून तिनं एकेक नाव वाचलं. ओळखीची बरीच होती. तुमचंही होतं.