अकरा मेंढ्यांचं अंथरूण

“हे तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही,” मर्डो मॅक्रे म्हणाला, आणि हॉलमधल्या साठ माणसांनी आपापल्या खुर्च्या पुढे ओढल्या. मर्डोनं अशी सुरुवात केली की खरंखोटं गेलं खड्ड्यात, नुसतं ऐकावं, हे आमच्या खोऱ्यात कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

खरं म्हणजे त्याला बोलायचं होतं दोनच मिनिटं. आठवड्यापूर्वी, शुक्रवारी, याच हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम होता. मर्डोची बायको नायरी त्यात एकटीनं गाणार होती. दूर गेलेल्या धनगराचं गाणं, कडवी चौदा. मे महिन्यापासून ती स्वयंपाकघरात ते घोटत होती. मागच्या दारच्या कोंबड्या तेव्हापासून अंडी कमी देत होत्या म्हणे, पण ते मर्डो सांगायचा, त्यामुळे सोडून द्या. तर पडदा वर जायला दहा मिनिटं असताना कळलं, की कुंपण बघून येतो म्हणून दुपारी पूर्वेच्या घळीत गेलेला मर्डो परतलेलाच नाही. आणि बाहेर जुलै महिन्याचा, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यातला, बर्फ नुसता कोसळतोय!

झालं. कार्यक्रम राहिला बाजूला. कोट-टाय, झुळझुळीत झगे आणि खाली गमबूट, अशा थाटात बत्तीस जण रात्रभर पूर्वेची घळ धुंडाळत राहिले. सगळ्यांच्या पुढे नायरी, निळ्या झग्यावर नवऱ्याचा रेनकोट चढवून, “मर्डो! ए मर्डो!” करत. उजाडेपर्यंत तिचा आवाज जो बसला तो बसलाच. सकाळी आठ वाजता मर्डो स्वतःच्या पायांनी डोंगर उतरून आला. भुवयांवर बर्फ आणि तोंडात एकच वाक्य : “वाचलो!”

नायरीचा आवाज परत यायला आठवडा लागला. मग आजचा शनिवार ठरला. आधी मर्डोनं शोधणाऱ्यांचे आभार मानायचे, मग लगेच नायरीनं गायचं. नऊच्या पुढे रस्त्यावरच्या बर्फाची काच होते, म्हणून नऊच्या ठोक्याला हॉल रिकामा झालाच पाहिजे, असा कॉन्स्टेबल टिपेनेचा हुकूम होता. तो स्वतः दाराला टेकून उभा होता, बगलेत एक तपकिरी वही धरून. काहीतरी पोलिसी भानगड असेल, असं समजून कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मर्डो साडेसातला उभा राहिला. आठ वाजले तरी तो उभाच.

“माझ्याजवळ होतं काय? एक चाकू, पावाची रिकामी पिशवी आणि एक काडी. काडेपेटी नाही हं! एक काडी!”

“मग पेटवलीस की नाही?” पियानोवर बसलेल्या एल्स्पेथनं विचारलं. तिला स्वर द्यायची घाई होती, पण काडीचं काय झालं तेही कळायला हवं होतं.

“पेटवणार, तेवढ्यात किआ आला.”

हॉलभर हसू फुटलं. किआ म्हणजे आमच्या डोंगरातले पोपट. उभ्या गाडीच्या काचेचं रबर सोलून नेतील अशी जात. तेव्हा किआ आला म्हटल्यावर पुढचं कुणालाही खोटं वाटेना.

“काडी घेऊन गेला. गेला तर गेला, परत आला आणि टोपी मागायला लागला!”

“मागायला?”

“मान वाकडी करून, अगदी सभ्यपणे. तुझ्या भावासारखी न विचारता नाही उचलली.”

एल्स्पेथचा भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता. त्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आता काडी नाही, टोपी नाही,” मर्डोनं हात पसरले, “बर्फ गुडघ्यापर्यंत! म्हटलं, संपलं आपलं. आणि बघतो तर काय, समोर अकरा मेंढे, बर्फात रुतलेले! एकेकाला ओढून काढलं. तीन खाली अंथरले. चार वर पांघरले. दोन वाऱ्याच्या बाजूला भिंतीसारखे उभे केले. एक उशाला.”

“दहाच झाले,” मागून कुणीतरी मोजलं. “अकरावा?”

“राखणीला! आळीपाळीनं, तासातासानं बदलत होते.”

टाळ्या पडल्या. एल्स्पेथ मात्र बोट नाचवत उठली. “ए मर्डो, थांब. ते मेंढे आमचे. जूनमध्येच कातरलेत, उघडेबोडके! त्यांची कसली ऊब?”

मर्डोची पापणीसुद्धा लवली नाही.

“म्हणून तर! त्यांनाही माझी तेवढीच गरज होती!”

छप्पर उडायचंच काय ते बाकी राहिलं. एल्स्पेथसुद्धा हसत खाली बसली आणि तिचं कोपर पियानोवर पडून धडाडकन भलताच स्वर निघाला. घड्याळात आठ वीस.

रंगमंचाच्या कडेला नायरी उभी होती. तोच निळा झगा, दोन्ही हात पोटाशी जुळवलेले. ती एक पाऊल पुढे आली.

“मर्डो, एक विचारू? पश्चिमेच्या खोपीत का रे नाही गेलास? तासाभराची तर वाट.”

“खोपीत? अगं, मधे नदी! पाणी इथवर!” मर्डोनं हनुवटीला हात लावला. “पलीकडे खोपीचं धुराडं दिसतंय आणि अलीकडे मी मरतोय, असं झालं होतं!”

“एवढ्या बर्फात धुराडं दिसलं?”

“दिसलं म्हणजे… जाणवलं.”

“अरेरे. आणि खाल्लंस काय?”

“बुटाची नाडी. डावी. उजवी नाश्त्याला ठेवली होती.”

“आणि झोप?”

“छे! डोळ्याला डोळा नाही.” मर्डोचा आवाज भरून आला. “मिनिटामिनिटाला एकच मनात येत होतं. माझी नायरी आत्ता गात असेल, आणि ऐकायला मी नाही!”

पुढच्या दोन रांगांत रुमाल बाहेर निघाले.

“टिपेने,” नायरी म्हणाली, “आण रे बाळा ती.”

टिपेने तपकिरी वही घेऊन पुढे आला. “नवी ठेवायला परवा वर खोपीत गेलो होतो, मर्डोकाका,” तो खाली बघत पुटपुटला. “जुनीचं शेवटचं पान भरलं होतं.”

आमच्या खोऱ्यात माणूस माशाच्या वजनाबद्दल खोटं बोलतो, वयाबद्दल बोलतो, पोलिसाशीही बोलतो. डोंगरात अडकणाऱ्यांसाठी बांधलेल्या खोपीच्या वहीत मात्र कुणी कधी खोटं लिहिलेलं नाही. उद्या शोधायला येणाऱ्यांचा जीव त्या अक्षरांवर असतो. खोपीत शिरलेला माणूस ओले मोजे काढायच्या आधी वहीत नाव लिहितो, आणि निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून राहिलेले रकाने भरतो. हात आपोआपच लिहितो म्हणा ना. मर्डोचा हात याच खोऱ्यातला होता. त्यानं बाजूच्या दाराकडे पाहिलं. तिथं एल्स्पेथचा भाऊ येऊन उभा राहिला होता.

नायरीनं चष्मा लावला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं :

“शुक्रवार. नाव : मर्डो मॅक्रे. किती जण : एक. कुठून आलात : घरून, थेट. नदीला पाणी : घोट्याएवढं. खाल्लं काय : पीचचा डबा, पूर्ण. घोंगड्या घेतल्या : चार. झोप : आठ तास, गाढ. लाकडं : फोडून ठेवली आहेत.”

“आणि आमचे मेंढे?” एल्स्पेथ ओरडली.

“मेंढ्यांचा उल्लेख नाही.” नायरीनं पानाच्या तळाशी बोट नेलं. “येण्याचं कारण : बायकोचं गाणं.”

साठ माना मर्डोकडे वळल्या. पूर्वेच्या घळीत रात्रभर भिजलेली बत्तीस त्यांतच होती.

“नायरी,” मर्डो म्हणाला, “ते अक्षर माझं नाही. किआनं पेन पळवलं होतं, आणि—”

“मर्डो, खोटं बोलतोयस,” नायरी म्हणाली, “आणि तेही माझ्या वेळात! एल्स्पेथ, स्वर दे. चौदाच्या चौदा कडवी. टिपेने, याला पुढच्या रांगेत बसव आणि दाराला आतून कडी घाल.”