सुवर्णाची अपुरी केस

अभ्यासाला बसायचं ठरलं की सुवर्णा आधी हॉस्टेलच्या खोलीतल्या सगळ्या पलंगांच्या चादरी ताणायची. वॉर्डात ताणतो तशा, कोपरे दुमडून, एक सुरकुती नको. आम्ही पलंगावर झोपलेल्या असलो तरी! "जरा कूस बदल गं," म्हणायची, जणू आम्हीच पेशंट. मग बूट पांढरे करायची. मग म्हणायची, "आता डोकं शांत झालं की सुरू." खारघरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात ते डोकं कधी शांत झालंच नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. माझं सबमिशन तारखेच्या आधी असायचं आणि ते मी चारचौघींत सांगायचेसुद्धा. हिचं बघून माझंच बीपी वाढायचं.

शेवटच्या वर्षी केस स्टडीसाठी तिला शिरवणे गावची एक आजी मिळाली. लकव्याने उजवा हात गेलेला, भेटायला कुणी नाही. रीत अशी, की केस जमा होईपर्यंत पेशंट तुमचा. जमा केली की तुम्ही दुसऱ्या हॉस्पिटलात, पेशंट दुसऱ्या मुलीकडे. बाकीच्यांनी आठवड्यात उरकलं; मी तर दुसऱ्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून परत आजीच्या वॉर्डात आले. हिची केस महिनाभर अपुरीच.

"आता काय राहिलंय?" मॅडमनी विचारलं.

"हिस्ट्री, मॅडम. आजी आत्ताशी लग्नापर्यंत आल्यात."

सगळा वॉर्ड हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सोमवारी केस टेबलावर नसेल, तर परीक्षेला बसायचं नाही."

मी तिला झापलं, "येडी आहेस का? वर्ष जाईल!"

ती आजीची वेणी घालत होती. "रविवारी तुमच्याकडे घरचे येतात ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मी इथे येते."

तिची आई लहानपणीच गेलेली. वडिलांनी दुसरा संसार मांडला, त्यात हिला जागा नव्हती.

आजीने सगळं ऐकलं. "बाय, देऊन टाक. माजा काय, मी हयच हाय."

रविवारी सुवर्णाने त्याच पलंगाशी बसून केस पूर्ण केली. सोमवारी दिली. आजी माझ्या वाट्याला आली.

मंगळवारी मी कंगवा घेऊन गेले. आजी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी वेणी घालत असताना मान न वळवता तिने विचारलं, "घेतला का मॅडमनी तिचा कागद?"

"घेतला, आजी. बसेल ती परीक्षेला."

"बरा झाला."

मी रिबीन बांधणार, तेवढ्यात तिने डावा हात मागे नेला आणि मी घातलेली वेणी हळूहळू सोडून टाकली.