हिरीला लागलेलं ग्रहण

हणमंतरावांची पक्की खात्री होती, की आपल्या मळ्यातल्या पाण्यानं भरलेल्या हिरीकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही! "हीर माझी, इंजन माझं, ऊस माझा!" पारावर बसून मांडी थोपटत ते सांगायचे. लातूर नुकताच नवा जिल्हा झालेला. दोन पावसाळे कोरडे गेलेले. गावच्या आडात नुसता गाळ. बायाबापड्या नदीच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या, आणि हणमंतरावांचा अर्धा एकर ऊस मात्र वरातीतल्या नवरदेवासारखा डुलत होता!

एका सकाळी कोतवाल व्यंकट ओसरीशी येऊन ओरडला, "केवळामाय, सोमवारी तहसीलातून सायब येनार. तुमच्या हिरीचं अधिग्रहण हाय!"

केवळाबाई म्हणजे हणमंतरावांची आई. उंबऱ्यात बसून तूर पाखडत होत्या. सुपाच्या आवाजात त्यांनी निम्मंच ऐकलं.

"आधी ग्रहण? मंग नंतर काय?"

"नंतर पंचनामा!" म्हणून व्यंकट पुढच्या घराकडं गेला.

केवळाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आवस न्हाई, पुनव न्हाई, आन् ग्रहण कसं रं, हणमंता?"

अधिग्रहण म्हणजे काय, ते हणमंतरावांना चांगलं ठाऊक होतं. पाऊस पडेपर्यंत हीर गावाला पिण्यासाठी, इंजन बंद, जवळपास नवा बोर पाडायचा नाही. म्हणजे उसाचं सरपण! पण आईचं बोलणं ऐकून त्यांच्या डोक्यात एकदम कंदील पेटला. ग्रहणात पाणी झाकून ठेवतात. मग हीरच झाकली तर? वर कडबा पसरायचा, काठावर आईला बसवायचं, साहेबाला म्हणायचं हीर आटली. ग्रहणात आई साहेबाला काय, साक्षात इंद्रालाही झाकण उघडू देणार नाही!

"माय, जिल्हा नवा झालाय," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "हापिस नवं, शिक्के नवे. ग्रहण बी नवंच असनार की!"

केवळाबाईंना ते पटलं.

आत हणमंतरावांची बायको सिंधु खुदकन हसली. ती सातवी शिकलेली, अधिग्रहण तिलाही कळत होतं. पण तिला सातवा महिना लागला होता आणि पाय भरून आले होते. ती लाडिकपणे म्हणाली, "आत्याबाई, ग्रहणात गरवारशीनं काम करायचं नसतंय ना?"

"हालायचं न्हाई, चिरायचं न्हाई, चुलीफुडं तर जायचंच न्हाई!"

"मंग भाकरी?"

दोघींनी मिळून हणमंतरावांकडं पाहिलं.

सोमवारी पहाटे हणमंतराव काटवटीपुढं बसले. पहिली भाकरी मधोमध फाटली. दुसरी तव्यावर जाण्याऐवजी त्यांच्या मनगटाला बिलगली.

"अवो, थापा तिला! कुस्ती काय खेळून राहिलात?" सिंधु बाजेवरून म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती भाकरी होताना लोळून बघत होती.

हात झटकत, पिठानं माखलेले हणमंतराव कडब्याच्या पेंढ्या घेऊन हिरीवर पळाले. बघतात तो काय! सगळं गाव तिथं लोटलेलं! घागरी, हंडे, घंगाळं, कुणाच्या बाळाची अंघोळीची पाटी! आणि केवळाबाई काठावर उभ्या राहून फौजदारासारख्या हुकूम सोडत होत्या.

"वेध लागायच्या आत भरून घ्या गं बायानू! मंग हिरीला शिवता येनार न्हाई! घागरीत तुळशीचं पान टाका!"

"माय! काय करून राहिलीस?"

"तूच म्हनलास ना, ग्रहण हाय? लेकरं दिसभर तहानेली ठिवू का?"

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले. हणमंतरावांनी पेंढ्या पाठीमागं लपवून नमस्कार केला. "हीर आटली, सायब! थेंब न्हाई!"

आत कुणाचीतरी बादली पडली. डुब्बुक!

साहेबांनी हणमंतरावांच्या पिठाळलेल्या मिशांकडं पाहिलं, मग हिरीकडं पाहिलं. केवळाबाई आडव्या आल्या.

"थांबा सायब, ग्रहण हाय!"

"आजी, तेच करायला आलोय."

"आगं बाई! म्हंजे तुमीच लावनार? आन् सुटनार कदी?"

"पाऊस पडला की."

आता मात्र हणमंतरावांचा धीर सुटला. "माय, ग्रहण बिहण कायबी न्हाई! मी थाप मारली! ह्ये सायब हीर गावाला देऊन राहिलेत. माझा ऊस वाळंल ना!"

केवळाबाईंनी उसाकडं पाहिलं. हिरवागार, उभा, पोटच्या पोरासारखा ऊस. मग त्यांनी घागरी घेऊन थबकलेल्या बायांकडं पाहिलं.

"तुझ्या बापानं ही हीर खांदली, तवा समद्या गावानं पाट्या उचलल्या हुत्या, हणमंता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उसानं न्हाई उचलली."

मग साहेबांकडं वळल्या. "हीर माझ्या नावावर हाय. कुटं अंगठा लावू?"

साहेबांनी टोपी काढली. "आजी, नियम समजावून सांगायला आम्हाला दर गावात दुपार होते. इथं काही सांगावंच लागलं नाही! आता फक्त राखायला एक माणूस हवा. इंजन चालू देणार नाही, पाणी पिण्यापुरतंच नेऊ देईल, असा."

"हाय की! इंजन कवा, कसं चोरून लावत्यात, त्याला समदं ठावं हाय!" केवळाबाईंनी लेकाला दंडाला धरून पुढं केलं.

दुसऱ्या दिवसापासून हणमंतराव हिरीवर बसले. ऊस डोळ्यांदेखत पिवळा पडत गेला आणि बायका पोटभर हसत पाणी नेऊ लागल्या. चार दिवसांत गाव त्यांचं हणमंतराव हे नाव विसरून गेलं; हिरीला ग्रहण लावणारा म्हणून सगळे त्यांना राहूच म्हणू लागले. सिंधुनं सुद्धा सासूच्या हाती डबा दिला तो, "एवढा राहूला द्या," म्हणूनच!

आणि लांबून एखादी म्हातारी हाळी द्यायची, "हिरीवर राहू हाय का रं?"

"हाव, हाय!" हणमंतराव ओरडायचे. "या, रांगंत या!"