दक्षताबाईंची नोकरी

तांबेकाका आमच्या घरी आले की चपला काढता काढताच विचारत, "आपल्या दक्षताबाई कुठवर आल्या होत्या?" या बाई कोण, असं नवख्याने चुकून विचारलं की त्याची संध्याकाळ गेलीच. दक्षता ही डच जकात खात्याची, एकोणिसाव्या शतकातली, वाफेवर चालणारी गस्तीची बोट होती. तिचं मूळ नाव काकांच्या कवळीतून धडपणे बाहेर पडेना, म्हणून त्यांनी त्याचं भाषांतर करून टाकलं होतं.

काका मुंबई कस्टम्समधून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर दर उन्हाळ्यात तीन महिने नेदरलँड्समध्ये, हार्लेमला मुलाकडे येत. मुलगा निखिल माझा शेजारी. तो आणि त्याची बायको दिवसभर ऑफिसात, नात बोलली तर डचमध्ये. मग काका गावातल्या एका छोट्या संग्रहालयात जाऊन बसत. तिथे काचेच्या पेटीत या बोटीचं मॉडेल होतं. त्याखालच्या माहितीचे फोटो काढून, फोनकडून भाषांतर करून घेऊन त्यांनी तिची सगळी कारकीर्द जुळवली होती.

काकांच्या लेखी ती सरकारी नोकर होती. ती पाण्यात उतरली नव्हती, 'रुजू झाली' होती. बॉयलर दुरुस्तीला गेला की बाई 'मेडिकल लीव्हवर'. पुढे तिला उत्तरेच्या बेटांकडे पाठवलं, ते काकांच्या मते सरळसरळ पनिशमेंट पोस्टिंग.

"बड्या व्यापाऱ्याची चोरटी जिन दारू पकडली हो तिनं! मग काय, वरून फोन आला."

"काका, तेव्हा फोन कुठे होता?"

"फोन नव्हता रे. 'वरून' होतंच की!"

शेवटाकडे मात्र त्यांचा आवाज चढे. बाईंचं इंजिन काढलं, गोदाम म्हणून पोटात कोळसा भरला आणि एके दिवशी भंगारवाल्याला विकून टाकलं. "इतकी वर्षं सेवा, आणि निरोप समारंभ नाही! हार नाही, वेफर्स नाहीत, साहेबाची दोन खोटी वाक्यं नाहीत!" निखिलच्या घरी हे चाललं असलं, तर एवढ्यात त्याची बायको मिक्सर लावी आणि त्याला हटकून फोन येई. आपल्या बापाच्या बोटीचा शेवट त्याने एकदाही ऐकला नव्हता.

यंदा निखिलने काका एकटे राहत तो पुण्याचा फ्लॅट विकायला काढला. बाबांसाठी पुण्याबाहेर ज्येष्ठ नागरिकांचं एक संकुल ठरवलं. आम्हाला त्याचे फोटो दाखवत म्हणाला, "योगा आहे, डॉक्टर आहे, बाग आहे. बाबांना विचारायचंच राहिलं, पण बुकिंग हातचं जात होतं." काका तिथेच बसून पोहे खात होते. त्यांनी लिंबू मागितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. "गणपतीत इथल्या मराठी मंडळात माझं भाषण ठेव. आणि निखिल पुढे बसला पाहिजे. शेवटपर्यंत."

म्हातारा चारचौघांत हिशेब चुकता करणार, हे मी ओळखलं. मला, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. मी अध्यक्षांना गाठलं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष वर्षभर कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि गणपतीत फेटा बांधून महाराष्ट्र सांभाळतात. त्यांनी आधी स्वतः भाषण केलं, मग एकमेकांना शाली घालण्याचा कार्यक्रम झाला. सुरिनामहून आलेल्या एका भारतवंशीयाच्या दुकानातून आणलेला एकच नारळ पाच सत्कारमूर्तींच्या हातून फिरून परत टेबलावर आला. मग काकांना माईक मिळाला. "काका, थोडक्यात हं. मुलींचा डान्स आहे."

काकांनी थोडक्यात केलं नाही. बाई रुजू झाल्या, जिन पकडली, बदली झाली. लोक हसले. निखिल माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत. फोन त्याने बंद केला होता, कारण मी तसं बजावलं होतं. इंजिन काढल्याचं आलं तेव्हा त्याची मान खाली गेली. एवढं त्याला कळत होतं.

काका थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मी सावरून बसलो.

"मग बाईंना एका शांत बंदरात नेऊन ठेवलं," काका म्हणाले. "रंगबिंग दिला. गावातली पोरं येऊन डेकवर खेळत. जुने खलाशी रविवारी भेटायला येत. काही कमी नव्हतं. कुणी तिला टाकून दिलं, असं कृपा करून समजू नका. नोकरी संपली की असंच असावं माणसाचं."

ते नमस्कार करून खाली उतरले. पायरी दिसेना म्हणून अध्यक्षांच्या मुलीने हात दिला.

निखिलने मोठा श्वास सोडला. "बाबांना पटलंय वाटतं," तो माझ्या कानात म्हणाला, आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागला.